आतड्याच्या स्नायूंतील चेतासंदेश आणि प्रोस्टाग्लँडिने : भंडारा जिल्ह्यातील दैनंदिन जीवनाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

मानवी आतड्याच्या भित्तीमध्ये चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते. या जाळ्याकडून आतड्याच्या अनैच्छिक स्नायूंना संदेश मिळतात आणि अन्न पुढे सरकते. चेतापेशी आणि स्नायू यांच्यातील या संदेशवहनावर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या संप्रेरकसदृश संयुगांचा प्रभाव पडतो. प्रस्तुत लेखात या प्रभावाचे स्वरूप स्पष्ट केले असून एरंडेल तेल, मासिक पाळीतील पोटदुखी आणि धानाच्या रोवणीच्या हंगामातील वेदनाशामक गोळ्या या तीन परिचित उदाहरणांच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे. वेदनाशामक गोळी केवळ दुखऱ्या भागावर परिणाम करते, हा समज शास्त्रीयदृष्ट्या अपुरा आहे, असे प्रतिपादन लेखाच्या शेवटी केले आहे.

बीजसंज्ञा : प्रोस्टाग्लँडिन, आंत्र चेतासंस्था, ॲसिटिलकोलीन, अनैच्छिक स्नायू, वेदनाशामक औषधे, भंडारा जिल्हा.

1. प्रस्तावना :

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्याचे जीवन धानाच्या शेतीभोवती फिरते. पावसाळा सुरू झाला, बांध्यांमध्ये पाणी साचले आणि चिखलणी आटोपली की रोवणीला प्रारंभ होतो. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटाभर चिखलात उभे राहून, कमरेत वाकून पऱ्हे लावत जाणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे. कंबर, गुडघे आणि मनगट यांच्या वेदना या हंगामाच्या जणू सोबतीच असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उतरायचे असल्यामुळे रात्री एखादी दुखण्याची गोळी घेणे ही अनेक घरांतील नित्याची बाब झाली आहे.

हीच गोळी काही दिवस सलग, तीही बरेचदा उपाशीपोटी घेतली गेली, तर पोटात आग होणे, मळमळणे, भूक मंदावणे अशा तक्रारी सुरू होऊ शकतात. कमरेसाठी घेतलेल्या गोळीचा पोटाशी संबंध काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर शरीरक्रियाशास्त्राच्या एका विलक्षण प्रकरणात दडलेले आहे. वेदना, आतड्याची हालचाल, जठराच्या अस्तराचे रक्षण आणि गर्भाशयाचे आकुंचन या वरवर भिन्न वाटणाऱ्या क्रिया संयुगांच्या एकाच कुळाशी जोडलेल्या आहेत. या कुळाचा परिचय करून देणे आणि आतड्याच्या स्नायूंमधील चेतासंदेशांवर त्याचा होणारा परिणाम समजावून सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

2. आतड्याची स्वतंत्र चेतासंस्था :

शरीराच्या बहुतेक अवयवांचे चेतानियंत्रण मेंदू आणि मेरुरज्जू यांच्याकडून होते. आतडे मात्र या नियमाला बऱ्याच अंशी अपवाद आहे. आतड्याच्या भित्तीमध्ये चेतापेशींची दोन जाळी असतात. श्लेष्मल अस्तराखालच्या जाळ्याचे वर्णन माइसनर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात केले आणि स्नायूंच्या दोन थरांमधील जाळ्याचे वर्णन त्यानंतर काही वर्षांनी औअरबाख यांनी केले. पहिले जाळे मुख्यतः पाचकरस, पाणी आणि क्षार यांच्या स्रवणाकडे लक्ष पुरवते, तर दुसरे स्नायूंच्या हालचालींचे नियंत्रण करते. या दोन्ही जाळ्यांमध्ये मिळून 10 कोटींहून अधिक चेतापेशी असतात. ही संख्या मेरुरज्जूतील चेतापेशींच्या संख्येशी तुलना करता येण्याजोगी आहे.

1899 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्लिश शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्यावर केलेला प्रयोग या क्षेत्रात मूलभूत मानला जातो. आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्यानंतरही आतड्यात एखादा घास अथवा गोळा ठेवला असता त्याच्या वरच्या बाजूचा भाग आकुंचन पावतो व खालच्या बाजूचा भाग शिथिल होतो, असे त्यांना आढळले. त्यामुळे गोळा आपोआप पुढे ढकलला जातो. या लाटेसारख्या हालचालीला क्रमसंकोची हालचाल म्हणतात. ती घडविण्यासाठी मेंदूच्या आज्ञेची अपरिहार्यता नसते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

आतड्याच्या भित्तीत स्नायूंचे दोन प्रमुख थर असतात. आतल्या थरातील तंतू वर्तुळाकार असतात. ते आवळले गेले की आतड्याची पोकळी अरुंद होते. बाहेरील थरातील तंतू आतड्याच्या लांबीला समांतर असतात. ते आकुंचन पावले की आतड्याचा तेवढा भाग आखूड होतो. या दोन्ही थरांच्या सुसंगत हालचालीतूनच अन्न पुढे जाते. याशिवाय काखाल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विशिष्ट पेशी एखाद्या ताल धरणाऱ्याप्रमाणे मंद विद्युत लहरी निर्माण करतात. मानवी जठरात या लहरींची गती मिनिटाला सुमारे 3, तर लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात सुमारे 12 असते. ताल या पेशींचा असतो. तथापि, आकुंचन किती जोरकस असावे, हे प्रामुख्याने चेतासंदेशांवर ठरते.

चेतापेशी आपला संदेश रासायनिक द्रव्याच्या रूपाने स्नायूपर्यंत पोहोचवते. आतड्याच्या स्नायूला उत्तेजित करणारे प्रमुख द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. चेतातंतूच्या टोकाशी ते सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवलेले असते. विद्युत आवेग टोकापर्यंत पोहोचला की या पिशव्या फुटतात, ॲसिटिलकोलीन बाहेर पडते आणि स्नायूपेशीवरील मस्करिनी ग्राहीला चिकटते. त्यानंतर पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढून आकुंचन घडते. काही चेतापेशी याउलट नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये सोडून स्नायू शिथिल करतात. याखेरीज बाहेरून येणाऱ्या अनुकंपी चेता नॉरॲड्रेनॅलिन सोडून आतड्याची हालचाल मंदावतात. भीतीच्या किंवा जिवावरच्या प्रसंगी पचनक्रिया मंदावण्याचे हे एक कारण होय.

3. संप्रेरकसदृश संयुगे म्हणजे काय?

‘हॉर्मोन’ ही संज्ञा स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये रूढ केली. मराठीत तिला संप्रेरक म्हणतात. संप्रेरक विशिष्ट ग्रंथीत तयार होते, रक्तात मिसळते आणि दूरच्या अवयवावर कार्य करते. थायरॉइड ग्रंथीचे थायरॉक्सिन किंवा स्वादुपिंडाचे इन्शुलिन ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. परंतु शरीरात अशीही संयुगे आहेत, जी अत्यल्प मात्रेत प्रभावी असतात आणि ग्राहींमार्फत कार्य करतात, पण त्यांची स्वतंत्र ग्रंथी नसते. ती जेथे तयार होतात तेथेच, शेजारच्या पेशींवर कार्य करतात व लगेच नष्ट होतात. अशा संयुगांना स्थानिक संप्रेरके किंवा संप्रेरकसदृश संयुगे म्हणतात. प्रोस्टाग्लँडिने ही त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासली गेलेली संयुगे होत.

या संयुगांचे नाव एका गैरसमजातून पडले आहे. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये गोल्डब्लॅट आणि स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यामध्ये अनैच्छिक स्नायूंवर परिणाम करणारे द्रव्य आढळले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे, या समजुतीने फॉन ऑयलर यांनी त्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. पुढे ही संयुगे शरीरातील जवळजवळ सर्व ऊतींमध्ये तयार होतात, असे स्पष्ट झाले. तोपर्यंत नाव रूढ झाले होते. त्यांची शुद्ध रूपे वेगळी करून रासायनिक रचना निश्चित करण्याचे कार्य 1950 व 1960 च्या दशकांत स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती पेशीपटलातूनच होते. पेशीपटलात ॲराकिडोनिक आम्ल हे 20 कार्बन अणू असलेले मेदाम्ल साठवलेले असते. पेशीला इजा झाली, ती ताणली गेली किंवा तिला विशिष्ट संदेश मिळाला की एक विकर हे मेदाम्ल मुक्त करते. त्यानंतर सायक्लोऑक्सिजनेज नावाचे दुसरे विकर त्याचे रूपांतर प्रोस्टाग्लँडिनांच्या पूर्वगामी संयुगात करते आणि त्यातून पीजीई-2, पीजीएफ-2 अल्फा इत्यादी प्रकार तयार होतात. रक्तात मिसळलेले पीजीई-2 किंवा पीजीएफ-2 अल्फा फुप्फुसांतून एकदा जाताच बहुतांशी निष्क्रिय होते. त्यामुळे त्यांचा प्रभाव निर्मितीच्या जागेपुरताच मर्यादित राहतो.

4. चेतासंदेशावरील प्रभाव :

प्रोस्टाग्लँडिनांचा आतड्यावरील प्रभाव समजून घेताना त्यांच्या कार्याची तीन ठिकाणे लक्षात घ्यावी लागतात. पहिले ठिकाण म्हणजे चेतातंतूचे टोक. येथे प्रोस्टाग्लँडिन चेतापारेषक द्रव्य किती प्रमाणात बाहेर पडावे, यात फेरबदल करते. दुसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष स्नायूपेशी आणि तिसरे म्हणजे पाणी व क्षार स्रवणारे श्लेष्मल अस्तर.

पहिल्या ठिकाणाचा अभ्यास गिनीपिगच्या लहान आतड्याच्या तुकड्यावर मोठ्या प्रमाणात झाला आहे. कोमट, प्राणवायुयुक्त क्षारद्रावणात टांगलेल्या अशा तुकड्याला विजेचे सौम्य आवेग दिले असता त्यातील चेता उत्तेजित होतात, ॲसिटिलकोलीन स्रवते आणि तुकडा प्रत्येक आवेगाबरोबर आकुंचन पावतो. 1973 मध्ये एहरेनप्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार इंडोमेथासिन किंवा ॲस्पिरिन या द्रावणात मिसळले असता ही आकुंचने क्षीण होतात आणि त्यानंतर प्रोस्टाग्लँडिन मिसळले की ती पूर्ववत होऊ लागतात. ॲस्पिरिन व इंडोमेथासिन ही दोन्ही द्रव्ये प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात. त्यामुळे ऊतीत आपोआप तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन चेतासंदेशाला सतत बळ देत असते, असा अर्थ या प्रयोगातून निघतो.

अनुकंपी चेतांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. स्वीडनमधील हेडक्विस्ट यांच्या संशोधनानुसार ई वर्गातील प्रोस्टाग्लँडिने अनुकंपी चेतांच्या टोकांतून होणारे नॉरॲड्रेनॅलिनचे स्रवण कमी करतात. म्हणजेच आतड्याला चालना देणारा संदेश वाढवणे आणि त्याला आवर घालणारा संदेश कमी करणे, अशा दोन्ही मार्गांनी हालचालीला अनुकूल परिस्थिती निर्माण होऊ शकते. आवाज वाढवणारी आणि कमी करणारी कळ ज्याप्रमाणे बोलणाऱ्याचे शब्द न बदलता त्याचा आवाज लहानमोठा करते, त्याप्रमाणे प्रोस्टाग्लँडिन चेतेचा संदेश बदलत नाही, तर त्याची तीव्रता बदलते. शास्त्रीय परिभाषेत या क्रियेला नियमन किंवा अनुकूलन असे म्हणता येईल.

स्नायूवरील प्रत्यक्ष परिणाम त्याहून गुंतागुंतीचा आहे. पीजीएफ-2 अल्फा सर्वसाधारणपणे दोन्ही थरांचे आकुंचन घडवते. पीजीई-2 मात्र बहुतेक प्राण्यांमध्ये लांबीला समांतर थराचे आकुंचन घडवते व वर्तुळाकार थर शिथिल करते. एकाच संयुगाचे असे परस्परविरोधी परिणाम कसे होतात, याचे उत्तर 1990 च्या दशकात ग्राहींचा अभ्यास झाल्यानंतर अधिक स्पष्ट झाले. पीजीई-2 चे ईपी-1, ईपी-2, ईपी-3 आणि ईपी-4 असे चार ग्राही आहेत. ईपी-1 पेशीतील कॅल्शियम वाढवतो, ईपी-2 व ईपी-4 चक्रीय एएमपी या दूतद्रव्याचे प्रमाण वाढवून स्नायू शिथिल करतात, तर ईपी-3 त्याच दूतद्रव्याचे प्रमाण कमी करतो. त्यामुळे परिणाम केवळ संयुगावर अवलंबून नसतो. कोणत्या पेशीवर कोणता ग्राही आहे आणि संयुगाची मात्रा किती आहे, यावर तो ठरतो. एका प्राण्याच्या आतड्यावरील निष्कर्ष दुसऱ्या प्राण्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही, हेही यावरून ध्यानात येते.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडे काही काळ स्तब्ध होते, हा रुग्णालयातील नेहमीचा अनुभव आहे. वायू सरला की नाही, याची डॉक्टर म्हणूनच विचारपूस करतात. या स्तब्धतेमागील अनेक कारणांपैकी एक कारण प्रोस्टाग्लँडिनाशी निगडित असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. शस्त्रक्रियेत आतडे हाताळले गेल्याने त्याच्या स्नायुथरात दाह होतो, तेथे मोठ्या प्रमाणात प्रोस्टाग्लँडिने तयार होतात आणि आकुंचन मंदावते. अल्प मात्रेत हालचालीला साहाय्य करणारे कुळ दाहाच्या अवस्थेत हालचाल थांबवण्यासही हातभार लावू शकते, हे येथे विशेष लक्षणीय आहे.

5. एरंडेल तेलाचा दाखला :

महाराष्ट्रातील जुन्या पिढीतील क्वचितच एखाद्या व्यक्तीला बालपणी एरंडेल प्यावे लागले नसेल. सुटीच्या दिवशी सकाळी आजी चहात मिसळून ते पाजत असे आणि पुढचे काही तास घरातच काढावे लागत. एरंडेलामुळे आतड्याचे अस्तर चुरचुरते आणि म्हणून जुलाब होतात, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जात होते.

2012 मध्ये जर्मनीतील मॅक्स प्लँक संस्थेतील संशोधकांनी या प्रश्नाचे अधिक नेमके उत्तर शोधले. आतड्यात एरंडेलाचे विघटन होऊन रिसिनोलिक आम्ल मुक्त होते. एरंडेलातील मेदाम्लांपैकी जवळपास 90 टक्के मेदाम्ल हेच असते. हे आम्ल प्रोस्टाग्लँडिनाच्या ईपी-3 ग्राहीला उत्तेजित करते, असे या संशोधनात आढळले. ज्या उंदरांच्या अनैच्छिक स्नायूंमधील ईपी-3 ग्राही जनुकीय तंत्राने नाहीसा केला होता, त्यांच्यावर एरंडेलाचा रेचक परिणाम झाला नाही. याचा अर्थ असा की, वनस्पतीतून मिळालेले एक मेदाम्ल शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकसदृश संयुगाची किल्ली म्हणून त्याच कुलुपात फिरते.

या संशोधनाचा दुसरा भागही महत्त्वाचा आहे. गर्भाशयाच्या स्नायूंवरही ईपी-3 ग्राही असतात आणि रिसिनोलिक आम्ल त्यांच्यामार्फत गर्भाशयाचे आकुंचन घडवते. गर्भवती स्त्रीला एरंडेल देऊ नये, ही घरोघरी पाळली जाणारी सावधगिरी या निष्कर्षाशी सुसंगत आहे. परंपरेने चालत आलेली प्रत्येक समजूत शास्त्रीय असतेच असे नाही. ही समजूत मात्र प्रयोगाच्या कसोटीवर अर्थपूर्ण ठरते.

6. मासिक पाळी आणि आतडे :

महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मासिक पाळीतील वेदना. 1957 मध्ये इंग्लंडमधील पिकल्स यांनी मासिक स्रावात अनैच्छिक स्नायूंचे आकुंचन घडवणारे द्रव्य असल्याचे दाखवले. त्यात प्रोस्टाग्लँडिनांचा मोठा वाटा असल्याचे पुढे निश्चित झाले. पाळीच्या वेळी गर्भाशयाचे अस्तर गळून पडताना प्रोस्टाग्लँडिने मोठ्या प्रमाणात निर्माण होतात. त्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळतात, रक्तपुरवठा तात्पुरता घटतो आणि तीव्र कळा येतात.

अनेक मुलींना याच दिवसांत वारंवार शौचाला होते, मळमळते किंवा पोटात मुरडा येतो. गर्भाशयाच्या निकट असलेल्या आतड्याच्या स्नायूंवर आणि अस्तरावरही या संयुगांचा परिणाम होतो, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. या तक्रारीला ‘नाजूकपणा’ किंवा ‘बहाणा’ म्हणणे म्हणूनच अन्यायकारक आहे. सकाळच्या एसटीने खेड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या आणि स्वच्छतागृहाची खात्री नसलेल्या विद्यार्थिनीची त्या दिवसांतील अनुपस्थिती ही शरीरक्रियाशास्त्रीय कारणाने घडणारी बाब आहे.

या वेदनेवर भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका संयुक्त गोळीत मेफेनॅमिक आम्ल आणि डायसायक्लोमिन अशी दोन औषधे असतात. पहिले औषध प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते. दुसरे औषध मस्करिनी ग्राहींना अडवून चेतेचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणजे ही एक गोळी प्रस्तुत लेखातील संपूर्ण विषयाचा सारांशच होय. एक घटक संदेशाला बळ देणारे संयुग कमी करतो आणि दुसरा घटक प्रत्यक्ष संदेशच अडवतो. दुसऱ्या घटकामुळे तोंडाला कोरड पडणे, दृष्टी धूसर होणे किंवा मलावरोध होणे असे परिणाम का होतात, याचेही स्पष्टीकरण यातून मिळते. लाळग्रंथी, डोळ्यांचे सूक्ष्म स्नायू आणि आतडे या तिन्ही ठिकाणी तोच ग्राही कार्यरत असतो.

7. वेदनाशामक औषधे आणि रोवणीचा हंगाम :

ॲस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे. तथापि, ते कसे कार्य करते, हे समजण्यास सात दशके लागली. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन आपल्या प्रयोगांत उंदराच्या जठराच्या व मोठ्या आतड्याच्या आणि कोंबडीच्या पिलाच्या आतड्याच्या पट्ट्या एकाखाली एक टांगत आणि त्यांच्यावरून तपासावयाचा द्रव वाहू देत. कोणती पट्टी किती आकुंचन पावते, यावरून द्रवात कोणते संयुग आहे हे त्यांना ओळखता येई. आतड्याचा स्नायूच येथे मोजमापाचे उपकरण बनला होता. 1971 मध्ये त्यांनी ॲस्पिरिन व तत्सम औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, असे सिद्ध केले. या कार्याबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन यांना 1982 चा नोबेल पुरस्कार प्रदान करण्यात आला.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक आम्ल ही सर्व औषधे याच तत्त्वावर कार्य करतात. दुखऱ्या सांध्यातील प्रोस्टाग्लँडिन कमी झाल्याने वेदना व सूज कमी होते. पण औषध रक्तातून सर्व शरीरभर फिरते. ते कमरेत आणि जठरात भेद करत नाही. जठरात प्रोस्टाग्लँडिने श्लेष्म व बायकार्बोनेट यांचे स्रवण वाढवतात, आम्लाचे स्रवण मर्यादित ठेवतात आणि अस्तराचा रक्तपुरवठा टिकवून ठेवतात. त्यांची निर्मिती थांबली की अस्तराचे हे कवच दुबळे होते. आम्लामुळे व्रण पडतात व त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. लहान आतड्याच्या अस्तरालाही अशी इजा होते. तेथील रक्तस्राव थोडाथोडा आणि न दिसणारा असल्यास तो कित्येक महिने लक्षात येत नाही. पॅरासिटामॉल हे औषध शरीराच्या परिघीय भागांत प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती फारशी रोखत नाही. म्हणून नेहमीच्या मात्रेत ते जठराला तुलनेने सुरक्षित ठरते. मात्र, त्याच्या अतिरिक्त मात्रेने यकृताला गंभीर इजा होते.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात या माहितीला विशेष महत्त्व आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या स्त्रीच्या शरीरात आधीच रक्त कमी आहे, तिने रोवणीच्या दिवसांत उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेतल्या आणि आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव सुरू झाला, तर तिला जाणवतो तो केवळ थकवा. हा थकवा कामाचा समजला जातो व त्यावर पुन्हा गोळीच घेतली जाते. वेदनाशामकातून रक्तस्राव, त्यातून थकवा आणि थकव्यातून पुन्हा वेदनाशामक, असे हे दुष्टचक्र असते.

पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचेही प्रमाण लक्षणीय आहे. या आजारातील तीव्र वेदनांसाठी वेदनाशामक औषधे वारंवार घ्यावी लागतात. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवण्यातही प्रोस्टाग्लँडिनांचा वाटा असतो आणि सिकलसेल आजारात मूत्रपिंडाला आधीच इजेचा धोका असतो. त्यामुळे अशा रुग्णांनी ही औषधे वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणे अधिकच धोक्याचे ठरते.

डायक्लोफेनॅकसारखे औषध कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकले जाणे अपेक्षित आहे. तथापि, केवळ कायद्याने हा प्रश्न सुटणारा नाही. रोवणीची मजुरी बुडू नये म्हणून गोळी घेणाऱ्या स्त्रीला दोष देण्यातही अर्थ नाही. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे, पोटात सतत आग होणे, चक्कर येणे किंवा थोड्याशा श्रमाने धाप लागणे ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, एवढी माहिती तिच्यापर्यंत सोप्या भाषेत पोहोचणे अधिक गरजेचे आहे. गर्भवती स्त्रियांनी ही औषधे स्वतःहून घेऊ नयेत, हेही तितकेच ठामपणे सांगितले पाहिजे.

8. त्याच संयुगाचा औषध म्हणून उपयोग :

प्रोस्टाग्लँडिन रोखल्याने जठराला इजा होत असेल, तर बाहेरून तत्सम संयुग देऊन ती टाळता येईल का? या विचारातून मिसोप्रोस्टॉल हे औषध विकसित झाले. ते पीजीई-1 चे कृत्रिम रूप आहे. वेदनाशामकांमुळे होणारे जठरातील व्रण टाळण्यास ते उपयुक्त ठरले. परंतु पोटात कळा आणि जुलाब हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. आतड्याच्या स्नायू व अस्तरावरील ज्या परिणामांची चर्चा वर केली, त्यांचाच हा पुरावा होय.

गर्भाशयाच्या स्नायूंवरील परिणामामुळे या औषधाला पुढे वेगळेच महत्त्व आले. महाराष्ट्राच्या सीमेवरील बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांमध्ये 2002 ते 2005 या काळात 1620 स्त्रियांचा समावेश असलेले एक संशोधन झाले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा त्यात सहभाग होता. प्रसूतीनंतर लगेच ग्रामीण परिचारिकांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या असता प्रसूतीपश्चात रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. जठराच्या व्रणासाठी तयार झालेले औषध बाळंतिणीचे प्राण वाचवण्यास कामी यावे, ही घटना मूलभूत संशोधनाचे मोल पटवून देणारी आहे.

9. अध्यापनाच्या दृष्टीने विचार :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्राण्यांचे विच्छेदन व प्रयोग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण आले. प्राणिसंरक्षणाच्या दृष्टीने ते स्वागतार्ह आहे. मात्र, जिवंत आतड्याचा तुकडा द्रावणात आकुंचन पावताना पाहण्याचा अनुभव विद्यार्थ्यांना आता मिळत नाही. संगणकीय प्रतिरूपांनी ही उणीव काही अंशी भरून निघते. त्यापुढे जाऊन विद्यार्थ्यांच्या अनुभवातील उदाहरणे वापरल्यास हा विषय अधिक सुबोध होईल, असे वाटते. एरंडेल, पाळीतील गोळी आणि रोवणीतील वेदनाशामक ही उदाहरणे कोणत्याही उपकरणाशिवाय वर्गात मांडता येतात. रसायनशास्त्राच्या अध्यापकांना मेदाम्लांची रचना, प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना ग्राही व चेतापारेषण, गृहविज्ञानाच्या अध्यापकांना आहार व रक्तक्षय आणि समाजशास्त्राच्या अध्यापकांना स्त्रियांचे श्रम व आरोग्य हे पैलू याच एका विषयातून शिकवता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हीच माहिती गावापर्यंत नेता येईल.

10. निष्कर्ष :

1. आतड्याची हालचाल त्याच्या भित्तीतील स्वतंत्र चेतासंस्थेमार्फत नियंत्रित होते आणि ॲसिटिलकोलीन हे तिचे प्रमुख उत्तेजक चेतापारेषक आहे.

2. प्रोस्टाग्लँडिने ही संप्रेरकसदृश संयुगे चेतासंदेशाची तीव्रता कमीअधिक करतात. त्याबरोबरच ती स्नायूवर आणि अस्तरावर प्रत्यक्ष कार्य करतात. त्यांचा परिणाम मात्रा, ठिकाण आणि ग्राहीचा प्रकार यांवर अवलंबून असतो.

3. एरंडेलाचा रेचक गुण, मासिक पाळीतील पोटाच्या तक्रारी आणि वेदनाशामक औषधांमुळे होणारी जठर-आतड्याची इजा या तिन्ही बाबींच्या मुळाशी याच संयुगांचे कार्य आहे.

4. रक्तक्षय आणि सिकलसेल आजार आढळणाऱ्या, तसेच कमरेत वाकून होणाऱ्या श्रमांवर आधारलेल्या धानशेतीच्या प्रदेशात वेदनाशामक औषधांविषयीचे शास्त्रीय प्रबोधन हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

शरीरात कोणतीही वेदना एकटी नसते आणि कोणतेही औषध एकाच ठिकाणी थांबत नाही. बांधीत वाकलेल्या स्त्रीची कंबर आणि तिचे पोट ही एकाच रासायनिक भाषेने जोडलेली आहेत. ही भाषा वर्गात शिकवली जाते, पण जिला तिची सर्वाधिक गरज आहे, तिच्यापर्यंत ती पोहोचत नाही. हे अंतर कमी करणे हे जिल्ह्यातील महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.